गुणगुणणारी पिकअप

ती घटना आठवली की मला आधी माझी कंबर आठवते, मग आरोपी. नोकरीत गंभीर गुन्हे पुष्कळ पाहिले. त्यांतले काही आजही झोप मोडतात, म्हणून ते मी सांगत नाही. भद्रावतीला घरी कोणी आलं आणि "साहेब, एखादी केस सांगा" म्हणालं, की मी ही सांगतो. यात कोणाचा जीव गेला नाही. तरीही ज्या बाईने ती खबर दिली, तिच्यासाठी ती काही हसण्याची गोष्ट नव्हती.

मी तेव्हा वैनगंगेच्या काठावरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. नदीच्या अलीकडे गडचिरोली जिल्हा, तिथे दारूबंदी. पलीकडे चंद्रपूर जिल्हा, तिथे बंदी उठलेली आणि दुकानं उघडी. मध्ये एक पूल. त्या पुलाच्या आमच्या टोकाला बांबूची आडवी काठी, एक ताडपत्रीचा मंडप, दोन खुर्च्या आणि पाण्याचा माठ एवढ्या भांडवलावर आमची नाकाबंदी चालायची. दारू मोटारसायकलच्या डिकीतून यायची, दुधाच्या कॅनमधून यायची. एकदा तर वरातीच्या बँडच्या ढोलातून आली होती. ढोल वाजेना म्हणून सापडली.

जवळच्या एका गावात महिला मंडळाने दारू बंद केली होती. मंडळाची अध्यक्षा पन्नाशीची, अंगणवाडीत मदतनीस. गावात गोंड आणि बौद्ध घरं मिळून राहायची, आणि दोन्हीकडच्या बायका तिच्या शब्दाबाहेर नव्हत्या. ती दर आठवड्याला ठाण्यात यायची, तक्रार द्यायची, पाणी प्यायची आणि जायची. त्या आठवड्यात मात्र ती पाणी न पिता बसून राहिली. गावात पुन्हा दारू येऊ लागली होती. तिचा जावई, जो दोन वर्षं धड राहिला होता, तो पुन्हा प्यायला लागला होता आणि मुलगी लेकरं घेऊन माहेरी आली होती. हे तिने एका वाक्यात सांगितलं आणि पुढे म्हणाली, "साहेब, पांढरी पिकअप आहे. बाजाराच्या दिवशी पुलावरून रिकामी येते अन् तांदूळ भरून जाते. खाली येते म्हणते तो. खाली नाई येत."

खबर पक्की वाटली. पिकअपचा मालक स्वतःच गाडी चालवायचा. सिंदेवाहीकडचा, तिशी-पस्तिशीचा, अतिशय नम्र माणूस. त्याचं नाव इथे देत नाही, पिकअपवालाच म्हणतो. बाजाराच्या दिवशी आम्ही त्याला अडवलं. कॅबिन पाहिली, सीट उचलली, स्टेपनी खाली काढली, ताडपत्री झटकली. दोन शिपाई हौद्यात चढले आणि पायाने गवत बाजूला करून खाली उतरले. काही नाही. त्याने आम्हाला चहा विचारला. पुढच्या बाजाराला पुन्हा तेच. या वेळी चहासोबत त्याने वरिष्ठांकडे एक अर्जही दिला, की गरीब गाडीवाल्याला नाहक त्रास होत आहे. वरिष्ठांचा फोन आला. पुरावा असेल तर धरा, नसेल तर सोडा, असं त्यांनी सांगितलं. त्यात माझ्याबद्दलही दोन शब्द होते, ते मी गाळतो.

दुसऱ्या झडतीत काही मिळालं नाही हे कळताच महिला मंडळ ठाण्यावर आलं. घोषणा दिल्या नाहीत. सोबत आणलेली भांडी उतरवली, आवारात तीन विटा मांडल्या आणि भात शिजायला ठेवला. अध्यक्षाबाईंचं म्हणणं होतं की गावात नवरे पिऊन चुलीवर लाथ मारतात, तर चूल सुरक्षित राहील अशी जागा पोलीस ठाणंच आहे. ठाणे अंमलदार माझ्याकडे स्टेशन डायरी घेऊन आला आणि याची नोंद काय करू विचारू लागला. मी म्हटलं, महिला मंडळ निवेदन देण्यास आलं, असं लिहा. तो म्हणाला, निवेदन तर भाताचं आहे. दुपारी त्या बायकांनी आम्हालाही वाढलं. भात चांगला होता, पण मी तो मान खाली घालून खाल्ला.

त्यातच ठाण्याची जीप बंद पडली आणि वर्कशॉपला गेली. आणि नेमका नदीकाठच्या एका जत्रेचा बंदोबस्त आला. मी आमच्या चालक हवालदाराला सांगितलं की कुठूनही एक गाडी भाड्याने घेऊन ये. हे हवालदार पंचवीस वर्षं सरकारी गाड्या चालवलेले. कोणत्याही गाडीचा कोणताही बिघाड ते क्लच प्लेटवर नेऊन ठेवत. टायर पंक्चर झालं तरी खाली उतरण्याआधी ते एकदा क्लच दाबून बघत. तासाभराने ते गाडी घेऊन आले. बाहेर येऊन पाहतो तर पांढरी पिकअप आणि स्टिअरिंगवर तोच नम्र माणूस.

मी हवालदारांना बाजूला घेतलं. ते म्हणाले, जत्रेमुळे स्टँडवर दुसरी गाडीच नाही, अन् हा स्वतःहून हो म्हणाला. पोलिसांना नाही म्हणायची त्याची छाती नव्हती, हे उघड होतं. शिवाय पोलिसांच्या कामाला लागलेली गाडी म्हणजे पुढे सोय, हेही त्याच्या डोक्यात असणार. हवालदारांनी तोवर काचेवर "पोलीस बंदोबस्त" असा कागद चिकटवलासुद्धा होता. शिपाई आदल्या दिवशीच जत्रेच्या गावी गेले होते. मी निमूटपणे दोघांच्या मध्ये बसलो.

चाळीसच्या वेगापर्यंत गाडी ठीक होती. पन्नासला मागून एक गुणगुण सुरू झाली, मोठा भुंगा मडक्यात अडकावा तशी. साठला अख्खी गाडी थरथरायला लागली. आरसा हलू लागला, त्यातला रस्ता दोन-दोन दिसू लागला. माझ्या मांडीवरच्या डब्यातलं वरण झाकणातून बाहेर आलं. सीट खालून कंबरेला असे काही धक्के देत होती की बोलताना माझा आवाजही थरथरत होता. हवालदारांनी नवी कवळी बसवली होती, तिचा वेगळाच ताल चालला होता.

पिकअपवाल्याने वेग कमी केला आणि शरमून म्हणाला, "माफ करा साहेब. चार महिने झाले. लय इलाज केले, मले समजूनच नाई राह्यलं."

आणि मग त्याने सगळं सांगितलं. माझ्याशी तो माणूस दारूबद्दल एक अक्षर बोलला नव्हता, पण या आवाजाबद्दल तो जत्रेच्या गावापर्यंत थांबला नाही. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे फिरती शक्ती नेणारा जो लांब शाफ्ट असतो, त्याच्या दोन्ही टोकांचे सांधे, म्हणजे क्रॉस, त्याने बदलले होते. मधलं बेअरिंग बदललं. चाकं पुढची मागे, मागची पुढे केली. बॅलन्सिंग केलं. मागच्या धुऱ्यातला गोळा, म्हणजे डिफरन्शियल, उघडून तेल बदललं. सिंदेवाहीचा मिस्त्री हरला होता. चंद्रपूरच्या मोठ्या गॅरेजवाल्याने शाफ्ट काढून नवा टाकला होता, तरी आवाज जसाच्या तसा. कोणी लिंबू-मिरची बांधायला सांगितली, तीही बांधून झाली होती. बायको म्हणत होती गाडी विका.  एखाद्याने आजारी मुलाबद्दल बोलावं तसं तो बोलत होता, आणि खरं सांगायचं तर मला त्याची दया आली.

हवालदार म्हणाले, "क्लच प्लेट आहे."

पिकअपवाला दुखावला. त्याने गाडी पुन्हा साठवर नेली, थरथर सुरू झाली, आणि त्याने गिअर काढून गाडी मोकळी सोडली. इंजिनचा आवाज खाली बसला. गाडी आपल्या वेगाने पुढे जात राहिली आणि थरथर तशीच चालू राहिली.

"पाहा हवालदार साहेब," तो म्हणाला. "इंजिन सुटलं, क्लच सुटला. तरी हालूनच राह्यली. म्हणजे बिमारी गिअरबॉक्सच्या मागं आहे. क्लच असूच नाई शकत."

हवालदारांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि तरीही क्लच एकदा पाहून घ्यावा, असं झाडांना उद्देशून म्हटलं.

परत येताना आणखी एक गंमत झाली. बंदोबस्त आटोपलेले आठ-दहा शिपाई मागे हौद्यात चढले, आणि गाडी साठवर गेली तरी चूप. आरसा स्थिर, कवळी स्थिर. हवालदार म्हणाले, खाकी वर्दीची पुण्याई. पिकअपवाला हसला आणि म्हणाला की नाही साहेब, वजन पडलं की ती चूपच बसते, खाली असली की बोंबलते. मी ऐकलं आणि सोडून दिलं. मला तेव्हा फक्त घरी जाऊन कंबर शेकायची होती.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षाबाई आल्या. रागावल्या नव्हत्या, ते जास्त लागलं. "साहेब, तुमी त्याच्याच गाडीत बसून जत्रेले गेले म्हणते," एवढंच त्या म्हणाल्या. मागे त्यांची मुलगी उभी होती, कडेवर लेकरू. मी जीप बंद असल्याचं कारण सांगितलं. ते खरं होतं, पण माझं मलाच ते पटलं नाही.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी मी स्वतः नाक्यावर जाऊन बसलो. सकाळची वेळ होती. पुलावरून येणाऱ्या गाड्यांचा आवाज पाण्यावरून लांबवर ऐकू येतो. एसटी आली, ट्रॅक्टर आला, आणि मग पांढरी पिकअप दिसली. काचेवरचा आमचा "पोलीस बंदोबस्त" अजून तसाच. एका नव्या शिपायाने तो कागद पाहून काठी आधीच वर केली होती. मी हात दाखवून गाडी थांबवली. हौदा रिकामा, तळाला तेच गवत.

शपथेवर सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात दारू नव्हती. मला फक्त एवढंच जाणवलं की गाडी चांगली वेगात आली, आणि मांजरीच्या पावलांनी आली. मला मनापासून आनंद झाला. मी म्हटलं, "अरे, गाडी बरी झाली वाटतं."

त्याने आरशातून मागे पाहिलं. मग म्हणाला, "हो साहेब. झाली."

"काय निघालं?"

"बस... करून टाकली."

इथे मला खटकलं. ज्या माणसाने मला तासभर एकेक नट-बोल्टाची कहाणी ऐकवली होती, चार महिन्यांचं दुखणं बरं झाल्यावर तो तीन शब्दांत आटोपतो? माझ्या आईचा गुडघा बरा झाला तेव्हा तिने गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन तेलाचं नाव सांगितलं होतं. बरं झालेला माणूस गप्प बसत नाही.

मी त्याला मंडपात बोलावलं, खुर्ची दिली, या वेळी चहा मी मागवला. चौकशी सुरू झाली, पण दारूचा विषय मी काढलाच नाही. कोणी दुरुस्त केली, विचारलं. सिंदेवाहीच्या मिस्त्रीनं, म्हणाला. चालक हवालदारांकडे त्या मिस्त्रीचा नंबर होताच. त्यांनी फोन लावून स्पीकर चालू केला. मिस्त्री म्हणाला की गाडी महिनाभरात त्याच्याकडे आलेली नाही. "त्याले माह्याकडं पाठवा साहेब," तो कळवळून म्हणाला. "त्या आवाजापायी मले जेवण गोड लागून नाई राह्यलं."

पिकअपवाला कपाळ पुसत म्हणाला, दुसऱ्या मिस्त्रीने केली. त्याचं नाव? आठवत नाही. गाव? रस्त्यातच भेटला होता. हवालदारांना हे सहन होईना. ज्याने चंद्रपूरच्या गॅरेजला न जमलेलं काम केलं, त्याचं नाव न विचारणारा माणूस त्यांच्या मते कृतघ्न होता. ते खुर्ची ओढून त्याच्या समोर बसले आणि विचारलं, शेवटी बदललं तरी काय?

पिकअपवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं. या माणसाला खूष केलं की सुटका होईल, असा त्याचा हिशोब असावा. तो म्हणाला, "तुमी म्हणाले होते तेच निंगालं. क्लच प्लेट."

हवालदारांचा चेहरा उजळला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचं निदान बरोबर आलं होतं. ते उठून उभे राहिले, नाक्यावरच्या प्रत्येक शिपायाकडे एकदा पाहिलं, आणि ती नवी प्लेट कशी बसवली ते बघण्यासाठी टॉर्च घेऊन थेट गाडीखाली शिरले.

मी मात्र जागेवरच बसून होतो. क्लच असूच शकत नाही, हे याच माणसाने मला चालत्या गाडीत सिद्ध करून दाखवलं होतं. म्हणजे हा खोटं बोलत होता. गाडी दुरुस्त झालेली नव्हती. मग आवाज का नव्हता? त्याचं उत्तरही त्यानेच दिलं होतं. वजन पडलं की ती चूप बसते.

मी त्याला विचारलं, "गाडी खाली आहे ना?"

"खालीच आहे साहेब. तुमच्या समोर आहे."

"मग बोंबलत का नाही?"

 गाडीखालून हवालदारांचा आवाज आला, आणि तो फार दुःखी होता. "साहेब, क्लचले कोणाचाच हात नाई लागला. गिअरबॉक्सवर जुनीच धूळ आहे." थोड्या वेळाने पुन्हा आवाज आला. "पण एक गोष्ट समजून नाई राह्यली. मागच्या स्प्रिंगचे पाटे काऊन असे बसले? दोन पाटे तं नवेच दिसते. खाली गाडीत हे कमानीवानी वर पाहिजे."

मी पंच बोलावले. अध्यक्षाबाईंनाही निरोप पाठवला, आणि त्या बाजार सोडून मंडळासह आल्या. हौद्यातलं गवत काढलं. खाली पत्रा होता, त्याच्या कडेचे बोल्ट नवे. बोल्ट काढून पत्रा उचलला, तर खाली वीतभर खोलीचा चोरकप्पा, आणि त्यात पेंढ्यात आडव्या झोपवलेल्या बाटल्या, बाळंतिणीच्या खोलीत लेकरं निजवावीत तशा. याआधीच्या दोन्ही झडत्यांत माल तिथेच होता, हे त्याने नंतर कबूल केलं. आमचे शिपाई त्यावर उभे राहून माल शोधत होते. अध्यक्षाबाईंनी पत्र्याकडे पाहिलं, त्या दोन शिपायांकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

माल उतरवला, मोजला, सील केला, पंचनामा झाला, दारूबंदी कायद्याखाली गुन्हा दाखल करायला आम्ही ठाण्याकडे निघालो. जप्त गाडी हवालदार चालवत होते, मी दुसऱ्या खिडकीशी, आरोपी आमच्या मध्ये. दारू आता दुसऱ्या गाडीत होती. पन्नासला मडक्यातला भुंगा जागा झाला, साठला आरसा हलू लागला. आरोपी म्हणाला, पन्नासच्या खाली ठेवा हवालदार साहेब, तिले त्रास होते.

ठाण्यात मिस्त्रीलाही जबाबासाठी बोलावलं होतं. त्याला नवे पाटे दाखवले तेव्हा तो गाडीजवळ उकिडवा बसला आणि पाच मिनिटं शिव्या देत राहिला. माल भरल्यावर रिकामी म्हणवणारी गाडी मागून बसलेली दिसू नये, म्हणून पिकअपवाल्याने परगावी जाऊन दोन जादा पाटे टाकून घेतले होते. त्यामुळे खरोखर रिकामी असताना गाडीची मागची बाजू नको तेवढी वर उचलली जायची, शाफ्ट वाकड्या कोनात फिरायचा आणि क्रॉस ओरडायचे. माल भरला की पाटे दबायचे, शाफ्ट सरळ व्हायचा, गाडी चूप. मिस्त्रीने त्याला दहा वेळा विचारलं होतं की गाडीत काही बदल केला का. तो दहा वेळा नाही म्हणाला होता. पाट्यांना चिखल फासून त्याने ते जुने दाखवले होते, तो चिखल आता झडला होता.

"मी का सांगणार होतो?" पिकअपवाला मला म्हणाला. "पाटे काऊन टाकले, हे विचारलं असतं त्यानं." मग म्हणाला, "म्हणजे शाफ्ट खराब नोयता? मी नवा टाकला." अटक झाल्यापासून तो पहिल्यांदाच हताश दिसला. चोराने पोलिसापासून गुन्हा लपवावा हे समजतं. पण तो मिस्त्रीपासूनही लपवावा लागतो, बायकोपासूनही, आणि मग त्याचं दुखणं बरं करणारा जगात कोणी उरत नाही.

पुढे त्याला शिक्षा झाली. गाडी बऱ्याच काळाने सुटली, तेव्हा म्हणे त्याने घरी जाण्याआधी ते दोन पाटे काढले. चालक हवालदार निवृत्त होईपर्यंत क्लच प्लेटवर ठाम राहिले.

आरोपपत्र गेलं त्या आठवड्यात अध्यक्षाबाई आल्या. मी जरा ऐटीतच होतो. त्या पाणी प्यायल्या, जावई मुलीला नांदायला न्यायला आला होता पण तिला अजून पाठवलं नाही असं त्यांनी सांगितलं, आणि म्हणाल्या, "हे बरं झालं साहेब. पण पुढची गाडी आवाज नाई करन, तं काय कराल?"

 त्याचं उत्तर मला पुढे हळूहळू सापडलं, आणि या केसने शिकवलेलं तेवढंच माझ्याजवळ आहे. पोलिसाला ओरड ऐकायची सवय असते. ओरड थांबली की आपण समाधानाने डायरी मिटतो. त्या दिवसापासून मी थांबलेल्या ओरडीकडे जास्त लक्ष द्यायला लागलो. रोज भांडणारं घर एकाएकी शांत झालं, रोज रडगाणं गाणारा माणूस "बस, ठीक आहे" म्हणू लागला, आणि बरं कशाने झालं हे त्याला सांगता येईना, तर तिथे जाऊन पाहावं. काहीतरी जड दडपलेलं असतं.

माझी बदली झाली तेव्हा नव्या प्रभारीला पदभार देताना मी मुद्देमाल दाखवला, प्रलंबित गुन्हे समजावले, नाक्यावरचा माठ दाखवला. तेवढ्यात अध्यक्षाबाई आल्या, तक्रार दिली, पाणी प्यायल्या आणि गेल्या. नवा अधिकारी वैतागून म्हणाला, या बाई नेहमीच येतात का? मी म्हटलं, दर आठवड्याला. एखाद्या आठवड्यात आल्या नाहीत, तर त्या दिवशी बाकीची कामं बाजूला ठेवा आणि त्यांच्या गावी जाऊन या.